निपाणीत दाबलेली प्रिंट गावच्या शाखेत कशी निघते

निपाणीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात आमच्या पतसंस्थेची शाखा आहे. पावसाळ्यात एकदा तिथल्या लिपिक मामांचा फोन आला. "प्रिंट येईना झालीया. सकाळधरनं बटन दाबतोय." ठेवीची पावती छापायची होती आणि सभासद समोर बसला होता. मामांनी एकदा दाबले, कागद आला नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. शेवटी त्यांनी पावती हाताने लिहून दिली आणि संध्याकाळी संगणक बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी जाऊन दुरुस्ती केली, आणि मिनिटाभरात प्रिंटरमधून त्याच पावतीच्या सात प्रती एकापाठोपाठ बाहेर आल्या. मामांचा चेहरा उतरला. एका ठेवीच्या सात छापील पावत्या, ऑडिटला काय उत्तर द्यायचे? सातही प्रतींवर आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहिले आणि त्या फाइलला लावल्या.

तेव्हा मामांनी विचारले, "काल दाबलेलं आज कसं काय आलं? रातभर हुतं कुठं ते?" संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण ते कळले की छपाईच्या बहुतेक अडचणी आपल्या आपण सोडवता येतात. निपाणीचे मुख्य कार्यालय आणि ही शाखा, आमच्या दोन्ही कार्यालयांत संगणक लिनक्स या यंत्रणेवर चालतात. पण पुढे सांगतो ते मॅकला आणि इतर युनिक्स वळणाच्या यंत्रणांनाही बव्हंशी लागू पडते, कारण छपाईचे काम सगळीकडे जवळपास एकच यंत्रणा करते.

कारखान्याचे आवार

संकेश्वर, उगार, निपाणी या पट्ट्यात ज्याने ऊस घातला आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो, गेटवर नोंद होते, नंबर मिळतो, ट्रॅक्टर आवारात उभा राहतो. गव्हाणीत ऊस पडायला त्यानंतर दोन तास लागोत नाही तर रात्र जावो, ट्रॅक्टर आता कारखान्याच्या हिशेबात आलेला असतो. गव्हाण मोकळी झाली की नंबरप्रमाणे पुढे जातो.

छपाईचे तसेच आहे. आपण प्रिंटचे बटन दाबतो तेव्हा संगणक प्रिंटरशी बोलतच नाही. तो आपले काम डिस्कवरच्या एका राखीव जागेत लिहून ठेवतो, त्याला क्रमांक देतो आणि आपल्याला मोकळे करतो. या जागेला स्पूल म्हणतात. युनिक्सवर ती व्हार या फोल्डरातल्या स्पूल नावाच्या फोल्डरात असते. काम डिस्कवर असल्यामुळे संगणक बंद केला तरी ते पुसले जात नाही. मामांच्या सात पावत्या रातभर तिथे होत्या. त्यांनी सात वेळा बटन दाबले म्हणजे गेटवर सात ट्रॅक्टर उभे केले, आणि प्रत्येकाला वेगळा नंबर मिळाला.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत युनिक्स अगदी तान्हे होते तेव्हा, १९७१ च्या सुमारास, त्याचे पहिले खरे गिऱ्हाईक म्हणजे तिथला पेटंट विभाग होता. टंकलेखक त्यावर पेटंटचे अर्ज तयार करत. म्हणजे कागदावर नीट छापून देणे हे युनिक्सचे जन्मापासूनचे काम. प्रिंटर महाग, वापरणारे अनेक, म्हणून रांग आली. पुढे युनिक्सची दोन घराणी झाली. बर्कले विद्यापीठाच्या घराण्यात छापायला पाठवण्याची आज्ञा होती एलपीआर, रांग बघायची एलपीक्यू, काम काढून टाकायची एलपीआरएम. एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह घराण्यात त्याच कामांना एलपी, एलपीस्टॅट आणि कॅन्सल. यातले एलपी म्हणजे लाइन प्रिंटर, एका दमात अख्खी ओळ छापणारे ते जुने धूड. आज तसे यंत्र क्वचितच दिसते, पण नाव राहिले.

मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्स, म्हणजे कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम, लिहायला घेतली. ती १९९९ मध्ये लोकांपुढे आली. तिने एक शहाणपणाची गोष्ट केली: दोन्ही घराण्यांच्या आज्ञा चालू ठेवल्या. म्हणून आज एलपीआर लिहा की एलपी, काम त्याच रांगेत जाते. पुढे ॲपलने ती मॅकमध्ये घेतली, २००७ मध्ये तिचा मूळ कोड विकत घेतला आणि स्वीट यांनाही नोकरीत घेतले.

तीन वाटा

आता आवारातून बाहेर पडून दूरच्या प्रिंटरपर्यंत जायचे आहे. नेटवर्कवरून प्रिंटरला काम देण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत, आणि प्रत्येकीचे दार, म्हणजे पोर्ट, वेगळे.

सर्वांत जुनी एलपीडीची, म्हणजे लाइन प्रिंटर डीमनची, दार ५१५. बर्कलेच्या यंत्रांवर ती आधीपासून चालत होती, ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या रीती नोंदवणाऱ्या मालिकेतल्या दस्तऐवजात तिची रीत लिहून काढली गेली. ती वाचताना मला मनीऑर्डरीची आठवण येते. पाठवणारा संगणक आधी सांगतो, 'अमुक रांगेसाठी काम आणले आहे.' पलीकडून एक शून्य बाइट येतो, त्याचा अर्थ 'चालेल, दे'. मग दोन फायली जातात. एक ताबाफाइल, तिच्यात कोणत्या यंत्रावरून, कोणत्या माणसाने, कोणत्या नावाचे काम पाठवले हे एकेका ओळीत असते. दुसरी खुद्द छापायचा मजकूर. प्रत्येक फाइल पाठवण्याआधी तिचा आकार बाइटमध्ये सांगावा लागतो, आणि पोचली की पुन्हा शून्य बाइटची पोच. या वाटेवर प्रिंटरचा पत्ता बरोबर असून रांगेचे नाव चुकले तरी काम परत येऊ शकते, आणि अशी चूक शोधताना लोक तासन्‌तास केबल तपासत बसतात. आणखी एक जुना नियम असा की पाठवणाऱ्याने आपल्या बाजूचे दार ७२१ ते ७३१ यांपैकीच वापरायचे. युनिक्सवर एवढ्या लहान क्रमांकाची दारे फक्त व्यवस्थापक उघडू शकतो, म्हणून तिथून आलेले काम खरे मानायचे. दारे अकराच असल्याने छोटी छोटी कामे धडाधड पाठवली की पुढच्याला थांबावे लागे.

दुसरी वाट ९१०० या दाराची. प्रिंटर नेटवर्कला जोडणाऱ्या एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांमुळे ती रूढ झाली. इथे बोलणेच नाही. दार उघडायचे, मजकूर ओतायचा, दार लावायचे. ती वेगवान आणि सोपी आहे, पण कोण पाठवतो, किती प्रती, दोन्ही बाजूंना छापायचे का, हे सांगायला वेगळी जागा नाही. जे सांगायचे ते मजकुरातच प्रिंटरच्या भाषेत लिहून पाठवावे लागते.

तिसरी आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, दार ६३१. नवी जोडणी करताना मी हीच घेतो. वेबपाने ज्या एचटीटीपीवर चालतात त्याच्याच पाठीवर ही बसवली आहे, आणि तिची १.१ ही आवृत्ती सप्टेंबर २००० मध्ये ठरली. तिच्यात प्रिंटर उत्तर देतो. तुला कोणते कागद चालतात, रंगीत छापतोस का, कागद संपला का, झाकण उघडे आहे का, हे सगळे विचारता येते. याच वाटेवर २०१० मध्ये ॲपलचे एअरप्रिंट आणि २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर आले, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रिंटरशी बोलायला लागणारा प्रोग्राम, शोधत बसण्याची गरज बरीच संपली. प्रिंटर स्वतःची माहिती स्वतः देतो. कप्सच्या कर्त्यांनी तर जुन्या ड्रायव्हर फायलींचा आधार पुढे काढून टाकणार असे जाहीर केले आहे, त्यामुळे नवीन प्रिंटर घेताना या दोन नावांपैकी एक खोक्यावर आहे का ते बघूनच पैसे मोजावेत.

रांग उभी करणे

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच कराव्या लागतात. आधी एलपीइन्फो -व्ही ही आज्ञा द्या, नेटवर्कवर दिसणारे प्रिंटर ती सांगते. मग रांग बांधायची:

एलपीॲडमिन -पी शाखा -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

-पी नंतर आपण ठेवलेले रांगेचे नाव, -व्ही नंतर प्रिंटरचा पत्ता, आणि -एम एव्हरीव्हेअर म्हणजे 'माहिती प्रिंटरलाच विचार'. मधली -ई मोठ्या लिपीतली हवी. तिची जागाही महत्त्वाची: -पी च्या नंतर आली तर ती रांग सुरू करते आणि कामे स्वीकारायला लावते, आधी आली तर तिचा अर्थ बदलून 'जोडणी सांकेतिक करून कर' असा होतो. मी पहिल्यांदा हे उलटे लिहिले होते. रांग तयार झाली, पण बंदच राहिली, आणि अर्धा दिवस गेला.

यानंतर एलपी -डी शाखा पावती.पीडीएफ एवढे लिहिले की काम रवाना होते. दोन प्रती हव्या तर -एन २ जोडा. परत एक क्रमांक मिळतो, शाखा-४१ असा. तो लिहून ठेवण्याची सवय मामांना लावली आहे, कारण काम रद्द करायचे तर कॅन्सल शाखा-४१ असेच सांगावे लागते.

मराठी, कन्नड आणि प्रिंटर

आपल्या भागात हा विषय टाळून चालत नाही. सभासदाला पावती मराठीत वाचायची असते, सरकारी दप्तराला कागद कन्नडमध्ये लागतो, आणि दोन्ही एकाच प्रिंटरमधून निघतात. पहिल्याच आठवड्यात मी मराठीतली एक साधी टेक्स्ट फाइल थेट ९१०० दारावर ओतली होती. कागदावर आले काय, तर वर टिंबे आणि तिरक्या रेघा असलेली रोमन अक्षरे आणि मधे मधे चौकटी. तेच कन्नडमध्ये केले तरी तसाच गोंधळ, थोडा वेगळा.

कारण असे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपले प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांत मांडतात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. कन्नडमधला 'ब' म्हणजे २२४, १७८, १७२. दोन्ही भाषांचा पहिला आकडा एकच, २२४, फरक दुसऱ्यापासून पडतो. साध्या प्रिंटरला हे ठाऊक नसते. तो प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर समजतो आणि एका 'म'च्या जागी तीन परकी चिन्हे छापतो. त्यात ओळींचीही गंमत आहे. युनिक्समध्ये ओळ संपली हे सांगायला एकच खूण असते, 'खाली जा'. पुष्कळ प्रिंटर 'डावीकडे परत ये' हे वेगळे सांगितल्याशिवाय परत येत नाहीत. मग प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून सुरू होते आणि मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जातो. असा कागद हातात आला तर दोष नेटवर्कचा नाही एवढे नक्की समजा. नेटवर्कने आपले काम चोख केले आहे, मजकूर प्रिंटरच्या भाषेत आणायचा राहिला आहे.

हे भाषांतर कप्सच्या गाळण्या करतात, त्यांना फिल्टर म्हणतात. आपली पीडीएफ त्या प्रिंटरला कळणाऱ्या रूपात नेतात, कधी पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या भाषांत, कधी नुसते ठिपक्यांचे चित्र. पण मराठी अक्षर मांडण्याचे काम आधीच झालेले असावे हे बरे. 'कि' लिहिताना संगणकात 'क' आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, पण कागदावर वेलांटी डावीकडे यायला हवी. 'क्ष', 'र्‍या', 'ट्र' यांचीही अशीच जुळवाजुळव लागते, कन्नडच्या ओत्तक्षरांचीही, म्हणजे जोडाक्षरात खाली लागणाऱ्या चिन्हांचीही. ती जुळवाजुळव लिब्रेऑफिससारखा प्रोग्राम नीट करतो. म्हणून आमचा नियम: नुसती टेक्स्ट फाइल पाठवायची नाही, पीडीएफ करायची, आणि तीत फॉन्ट समाविष्ट आहे याची पीडीएफफॉन्ट्स या आज्ञेने खात्री करायची. तिच्या तक्त्यात समावेशाचा एक रकाना असतो, तिथे सगळीकडे 'येस' हवे. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत बनवलेल्या फायलींना तर हे फारच लागते. त्या फायलींत आत प्रत्यक्षात रोमन चिन्हे असतात, त्यांना मराठी किंवा कन्नड रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट सोबत नसेल तर कागदावर ते रोमन कडबोळे जसेच्या तसे उतरते.

गेट बंद की गव्हाण बंद

कागद आला नाही तर सर्वांत आधी एलपीस्टॅट -टी द्या. तिच्या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्या वेगळ्या आहेत हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक, रांग कामे स्वीकारते आहे का. दुसरी, रांगेतली कामे प्रिंटरकडे जात आहेत का. पहिले म्हणजे कारखान्याचे गेट, दुसरे गव्हाण. गव्हाण बंद पडली तरी गेट उघडे असते, ट्रॅक्टर येतच राहतात, आवार भरत जाते आणि प्रत्येकाला वाटते आपला नंबर लागला. गेट उघडायला कप्सॲक्सेप्ट, बंद करायला कप्सरिजेक्ट. गव्हाण सुरू करायला कप्सएनेबल, थांबवायला कप्सडिसेबल. प्रत्येक आज्ञेपुढे रांगेचे नाव.

गव्हाण आपोआपही थांबते. प्रिंटरशी बोलणारा भाग चूक सांगून बाहेर पडला, तर कप्सचा नेहमीचा पवित्रा रांगच थांबवण्याचा असतो, म्हणजे मागची कामे वाया जाऊ नयेत. मग कारण दूर केले तरी कप्सएनेबल शाखा असे सांगितल्याशिवाय ती हलत नाही. प्रिंटर बंद-चालू करून काही उपयोग नाही, कारण थांबली आहे ती संगणकातली रांग.

मामांच्या बाबतीत मात्र रांग थांबलेली नव्हती. दोन्ही गोष्टी ठीक दिसत होत्या आणि पहिले काम 'चालू आहे' असेच दाखवत होते. हा प्रकार जास्त फसवा. झाले होते असे की पहाटे वादळी पावसात गावात लाइट गेली होती. ती परत आल्यावर राउटरने सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले आणि प्रिंटरला ५० ऐवजी भलताच आकडा मिळाला. कप्स जुन्या पत्त्यावर दार ठोठावत राहिली. उत्तर येत नसेल तर ती चूक मानत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. किती वेळ? वेगळे काही सांगितले नसेल तर ६,०४,८०० सेकंद, म्हणजे पुरते सात दिवस. मी प्रिंटरला जुना पत्ता परत दिला आणि पुढच्याच ठोठावण्याला दार उघडले. सात पावत्या बाहेर पडल्या त्या अशा.

त्यानंतर राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या नावे तो पत्ता कायमचा राखून ठेवला आहे. ज्यांना राउटरला हात लावता येत नाही त्यांनी पत्त्यात आकड्यांऐवजी प्रिंटरचे डॉट लोकल असे संपणारे नाव वापरावे; पत्ता बदलला तरी नाव बदलत नाही. आणि मामांना एवढेच सांगितले आहे की दुसऱ्यांदा बटन दाबण्याआधी एलपीस्टॅट -ओ बघायचे. तिथे काम दिसत असेल तर ते आवारात आहे, पुन्हा पाठवायचे नाही.

खोलाचा शोध घ्यायचा तर कप्सकंट्रोल, म्हणजे कप्ससीटीएल, या आज्ञेला --डीबग-लॉगिंग जोडून नोंदी सविस्तर करता येतात. त्या व्हार, लॉग, कप्स या फोल्डरातल्या एररलॉग फाइलीत उतरतात. काम झाले की ते बंद करायला विसरू नका, फाइल फार फुगते.

निपाणीहून गावापर्यंत

आतापर्यंतचे सगळे एकाच इमारतीतले. मुख्य कार्यालयातून शाखेत छापायचे तर मधे इंटरनेट येते, आणि इथे एक मोह होतो: शाखेच्या राउटरवर ६३१ किंवा ९१०० दार बाहेरच्या जगाला उघडून द्यावे. हे कृपा करून करू नका. ९१०० ला कोण आले हे विचारायची सोयच नाही, जगातला कोणीही तुमचा कागद संपवू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तर कप्स-ब्राउज्ड या जोडप्रोग्राममधल्या त्रुटी उघड झाल्या. तो ६३१ वर कोणाचेही निरोप ऐकत होता, आणि खोटा प्रिंटर पुढे करून त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवणे शक्य होते. तुमच्या यंत्रावर तो लागत नसेल तर बंद करा, लागत असेल तर अद्ययावत ठेवा.

आम्ही एसएसएचची, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याची, वाट घेतली. मुख्य कार्यालयात एवढी एकच ओळ:

कॅट पावती.पीडीएफ | एसएसएच शाखा-संगणक एलपी -डी शाखा

पहिली आज्ञा फाइल वाचते, मधली उभी रेघ ती पुढे देते, एसएसएच ती सांकेतिक करून शाखेच्या संगणकापर्यंत नेते, आणि तिथे एलपी ती तिथल्याच रांगेत टाकते. एलपीला फाइलचे नाव दिले नाही तर ती येणारा मजकूर जसा येईल तसा घेते, म्हणून हे जमते. बाहेर उघडे राहते ते फक्त एसएसएचचे दार, आणि तिथे किल्लीशिवाय प्रवेश नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. काम छापून झाले तरी कप्स त्याची फाइल लगेच पुसत नाही. नेहमीच्या मांडणीत ती ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, स्पूलमध्ये राहते, पुन्हा छापायची वेळ आली तर असावी म्हणून. आमच्या फायलींत सभासदांची नावे, ठेवींच्या रकमा, खाते क्रमांक असतात. म्हणून कप्सची मांडणी ठरवणाऱ्या कप्सडी.कॉन्फ या फाइलीत प्रिझर्व्हजॉबफाइल्स पुढे 'नो' लिहिले आणि सेवा पुन्हा सुरू केली. पावतीची दुसरी प्रत हवी असेल तर मामा आता मूळ नोंदीतून ती काढतात, आणि तिच्यावर 'दुय्यम प्रत' असा शिक्का मारतात.